हा घास कुणाचा

शाळेच्या बाईंनी प्रवेशाच्या वेळी मुलीला काही विचारलंच नाही. रंग नाहीत, आकडे नाहीत, साधं नावही नाही. मी तिच्याकडून घोकून घेतलेलं सगळं तिच्या तोंडातच राहिलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि प्रश्न मलाच टाकला, "डबा स्वतःच्या हातानं खाते का?"

मी म्हणाले, "शिकवतेय."

"शिकवा. जूनपर्यंत वेळ आहे. इथे आम्ही शिकवतो, भरवत नाही."

विश्रांतवाडीला परत येताना रिक्षात ती माझ्या मांडीवर बसली होती. साडेतीन वर्षांची, अंगानं दोन वर्षांच्या मुलीएवढी. तिच्या उजव्या गालात सकाळच्या पोळीचा घास अजून तसाच होता. बाईंनी विचारलं असतं तरी त्या घासामुळे तिला बोलता आलं नसतं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

माझी मुलगी जेवत नसे. म्हणजे तोंडात घेई, पण गिळत नसे. घास गालात सरकवून ती खेळायला जाई, चित्रं काढी, कधी कधी झोपूनही जाई. ती झोपली की मी तिच्या गालात बोट घालून भाताचा लगदा काढत असे. हे रोजचं होतं. ती दिवस भरायच्या आधी जन्मली, तेव्हापासून तिच्या वजनाचा आकडा आमच्या घरात ठाण मांडून बसलेला. नारायण पेठेतल्या मुलांच्या डॉक्टरांनी काट्याकडे पाहून एवढंच सांगितलं होतं, "हिचं वजन आता आणखी उतरून चालणार नाही. तुमचं उतरलं तर हरकत नाही." तिथे बसलेले बाकीचे पालक हसले. मीही हसले, कारण न हसून काय करणार होते.

तिला भरवायची माझी एकच युक्ती होती, आणि तीही माझी नव्हती. आमच्या अमरावतीकडच्या घरात मी तशीच वाढले होते. हा काऊचा घास, हा चिऊचा, हा आजीचा, हा बाबांचा. एकेक नाव घेतलं की एकेक घास आत जातो. माझ्या मुलीच्या बाबतीत ही नावं पुरायची नाहीत. काऊ-चिऊ सरले की दोन्हीकडचे आजी-आजोबा, मग आत्या, मग मामा, खाली गेटवर बसणारे काका, त्यांचं मांजर, पार्सल घेऊन येणारा दादा, शेवटी पंखा आणि फ्रिज. नाव घेतल्याशिवाय ती तोंडच उघडत नसे. घास समोर आला की विचारायची, "हा कुणाचा?" नाव पटलं तर तोंड उघडणार, नाहीतर मान वळवणार. नवरा लॅपटॉपवरून मान वर करून म्हणायचा, "आज फ्रिज दोनदा जेवला." त्याला गंमत वाटायची. माझ्या नाकी नऊ आलेले असायचे.

एप्रिलमध्येच मी घरात शाळा मांडली. क्लिपचा डबा आणला, तो उघडायला आठवडा गेला. छोटा रुमाल, पाण्याची बाटली, आणि मोबाइलवर शाळेच्या घंटेसारखा आवाज. घंटा झाली की तिनं डबा उघडायचा, मी समोर बसायचं, आणि माझे हात मांडीखाली दाबून ठेवायचे. भरवायचं नाही. हे मी स्वतःला बजावलेलं होतं.

ती डबा उघडायची. पोळीच्या तुकड्यांकडे बघत बसायची. मग माझ्याकडे. "हा कुणाचा?"

"शाळेत असं विचारायचं नसतं. खायचं असतं."

ती डबा बंद करायची. क्लिप लावायला मात्र तिला मुळीच वेळ लागत नसे.

घंटा वाजे, सुट्टी संपे, डबा भरलेलाच. मग मी हार मानून मांडीखालचा हात बाहेर काढी आणि काऊपासून सुरुवात करी. मे महिना आला तरी आम्ही तिथेच होतो. घरात उकाडा, खिडक्यांना पडदे, आणि रोज दुपारी तोच डबा, तेच तिचं बघत बसणं. मला शाळेची स्वप्नं पडायला लागली. स्वप्नात सगळी मुलं जेवून हात धुवायला गेलेली असत आणि माझी मुलगी एकटी, गाल फुगवून, डब्यापुढे बसलेली असे. तिच्याकडे कुणी बघत नसे. मी घामानं ओली होऊन उठायची.

एका दुपारी माझं डोकं फिरलं. वाटीभर वरणभात दोन वेळा गरम करून झाला होता. तिच्या गालात घास होता आणि ती त्याच गालानं गाणं म्हणत होती. मी तिचा गाल दाबला, म्हणाले गिळ, आता गिळ, माझ्यासमोर गिळ. ती रडली नाही. घाबरून माझ्याकडे बघत राहिली, आणि घास तसाच. मी वाटी सिंकमध्ये भिरकावली. वरण भिंतीवरच्या टाइल्सवरून खाली ओघळलं. मग मी गॅलरीत जाऊन वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभी राहून रडले. मला तिचा राग येत होता. एवढ्याशा जिवाचा एवढा राग येतो म्हणून स्वतःची किळस येत होती. आणि त्या सगळ्याखाली भीती होती, की ही माझ्याशिवाय जगायचीच नाही.

आईला व्हिडिओ कॉल लावला. तिनं माझा चेहरा पाहिला. "काहून रडतं व?" म्हणाली. "तुले बी मी असंच चारलं. तू नावं घेऊ नको. तिलेच घेऊ दे."

त्या क्षणी मला आई म्हणजे सगळ्या डॉक्टरांची डॉक्टर वाटली. दुसऱ्या दिवशी घंटा झाल्यावर मुलीनं विचारलं, "हा कुणाचा?" मी म्हणाले, "तूच सांग." तिनं खूप वेळ विचार केला. मग तुकडा उचलला, "आजीचा," म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं स्वतःच्या तोंडात घातला. आणि चावला. माझे हात अजून मांडीखालीच होते. दुसरा काऊचा. तिसरा गेटवरच्या काकांचा. वेळ लागत होता, पण डब्याचा तळ दिसायला लागला होता.

जून तोंडावर आला तसा तिला एक नवा प्रश्न पडला. "शाळेत आजी नाही. काऊ पण नाही. मग?"

"शाळेत किती तरी मुलं असतील," मी म्हणाले. "त्यांची नावं घ्यायची. हा तुझ्या शेजारच्या मुलीचा, हा समोरच्या मुलाचा. सोपं आहे."

तिला ते पटलं. मलाही पटलं. आपण मोठा तोडगा काढला असं वाटून मी त्या दिवशी स्वतःसाठी चहा केला आणि तो गरम असतानाच प्यायले.

पहिल्या दिवशी ती रडली, सगळी मुलं रडली. शाळा सुटल्यावर मी गेटवरच तिच्या दप्तरातून डबा काढून उघडला. रिकामा. पुसून घेतल्यासारखा. मी तिथेच तिचे पापे घेतले. आईला फोटो पाठवला, नवऱ्याला पाठवला. त्यानं उत्तरात लिहिलं, "अभिनंदन. फ्रिजलाही कळव." दुसऱ्या दिवशी रिकामा, तिसऱ्या दिवशी रिकामा. मी डब्यात पोळी वाढवली, तीही संपली. घरी आल्यावर ती मलूल असायची, सोफ्यावर कलंडायची, पण नवी शाळा आहे, दमते, असं मी स्वतःला समजावलं. गालात बोट घालायची वेळच येत नव्हती, कारण गाल रिकामे होते.

मग डॉक्टरांचा काटा. त्यांनी आकडा पाहिला, जुना कागद पाहिला, आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. "उतरलंय," ते म्हणाले. "डबा खाते ना?"

"रोज संपवते हो."

"तुम्ही पाहिलंय?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मी बाईंना गाठलं. त्या कधी नव्हे त्या हसल्या. "मुलगी मोठ्या मनाची आहे हं तुमची. डबा उघडला की एकेकाला घास देते. हा तुझा, हा तुझा. काल आमच्या शिपाई मावशींनाही दिला. काही विसरत नाही, कुणाला गाळत नाही."

"आणि स्वतः?"

"मी विचारलं होतं. म्हणाली, संपले सगळे."

रिक्षात मी तिला मांडीवर घट्ट धरून बसले. तिनं काय चूक केली होती? घरी आजी समोर नसायची, काऊ नसायचा, म्हणून त्यांचे घास तीच खायची. शाळेत ज्यांचे घास ते समोरच बसलेले होते. त्यांचं त्यांना द्यायला नको? मीच तर सांगून पाठवलं होतं. रोज सकाळी त्या पोळीला तूप लावताना मी ते कुणाकुणाच्या पोरांसाठी लावत होते, आणि माझी उपाशी घरी येत होती.

तिला ताटासमोर बसवलं. एक तुकडा तिच्या हातात दिला. "हा कुणाचा?" तिनं विचारलं.

"तुझा."

तिनं तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला समजत नाहीये असं वाटून सावकाश सांगितलं, "माझा नसतो."

मी आठवत बसले. साडेतीन वर्षांत फ्रिजचं नाव घेतलं होतं, पंख्याचं घेतलं होतं, मांजराचं घेतलं होतं. तिचं कधी घेतलं होतं, ते काही केल्या आठवेना. माझ्या आईनं माझं घेतलं होतं का, तेही आठवेना. "असतो," मी म्हणाले. "प्रत्येक डब्यात असतो. पहिला तुझाच असतो." ती तुकडा ताटात ठेवून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी गेटवर डबा उघडायचा मला धीर झाला नाही. घरी येऊन उघडला. भरलेला होता. सकाळी ठेवला तसाच, चारी तुकडे जागच्या जागी. कुणालाही काही दिलेलं नव्हतं. मग दिसलं, एका तुकड्याचा कोपरा तोडलेला होता. नखाएवढा.

"हा कुणाचा होता?" मी विचारलं.

"माझा," ती म्हणाली, आणि बूट काढायला लागली.

उरलेली पोळी मी ओट्यापाशी उभ्या उभ्या खाल्ली. सकाळपासून मीही काही खाल्लेलं नव्हतं.