नळापाशी काल, जिन्यापाशी उद्या

आमच्या फणसवाडीतल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पाऊल ठेवलं की आधी विचार करावा लागे, आपण काल उभे आहोत की उद्या. गॅलरीच्या एका टोकाला नळ आहे, तो 'येस्टरडे'. दुसऱ्या टोकाला जिना, तो 'टुमारो'. मध्ये परबबाईंचं दार, ते 'टुडे'. त्या दारात पाट टाकून त्या तांदूळ निवडत बसायच्या आणि समोर चाळीतली आठ-दहा मुलं इंग्रजीचे काळ पाठ करत नळापासून जिन्यापर्यंत पळत असायची. मुलांनी त्यांचं नाव 'येस्टरडे आजी' ठेवलं. इरा, नील, तिकडे मेलबर्नला बसून तुम्हीही त्यांना तेच म्हणता. मी मात्र परबबाई म्हणते आणि त्या मला मॅडम म्हणतात. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून मॅडम. पण तो शब्द त्यांच्या तोंडून नेहमी किंचित तिरका येई.

डिलाईल रोडवरची त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर बांधायला घेतला, तेव्हा मुलगा भाड्याच्या खोलीत गेला आणि त्या लेकीकडे, सुमनकडे, आमच्या चाळीत राहायला आल्या. यजमान गिरणीत होते, ते बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. सुमन आणि जावई दिवसभर कामावर आणि नातू ओंकार इंग्रजी शाळेत. ओंकारला 'मे आय ड्रिंक वॉटर' याखेरीज तोंड उघडता येत नव्हतं. परबबाई स्वतः मराठी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, तेवढ्या भांडवलावर त्यांनी त्याला शिकवायला घेतलं. नळच 'काल' का, असं मी एकदा विचारलं. "पाणी येऊन गेलं की गेलं, मॅडम. परत आणता येत नाय. आणि जिन्यावरून कोण वर येईल, कोणाला ठाऊक? म्हणून तो टुमारो." असं उत्तर कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात नाही, आणि मला ते लगेच आवडलं नाही.

त्यांचा नियम एकच होता. मुलाने शाळेतून आल्यावर आधी नळापाशी उभं राहायचं आणि शाळेत घडलेली एक तरी खरी गोष्ट सांगायची. डबा सांडला, फळा पुसला, बाईंनी वर्गाबाहेर काढलं, काहीही. आधी मराठीत, मग इंग्रजीत. शब्द अडला तर बाकीच्यांनी पुरवायचा. "काय झालं ते आधी सांग. इंग्लिश काय पळून जात नाय," असं त्या म्हणत. जिन्यापाशी मात्र काहीही बोलायची मुभा. "खोटं बोलायचंय? जा टुमारोला." मग ओंकार जिन्यावरून ओरडून सांगे की उद्या त्याची शाळा विमानासारखी उडणार आहे आणि हेडसर खिडकीतून हात हलवणार आहेत. 'विल' आणि 'शॅल' त्या मुलांनी असे घोटले.

त्याच सुमारास माझ्याही घरी, दुसऱ्या मजल्यावर, संध्याकाळी पाच वाजता मुलं इंग्रजीला यायची. मी बारा काळांचा तक्ता पुठ्ठ्यावर चिकटवला होता. चपला बाहेर रांगेत, हात धुतलेले, पेन्सिलीला टोक. माझ्या हाताखालून गेलेलं मूल व्याकरणात मार खात नाही, हे मी आजही सांगेन. पण हळूहळू दाराबाहेरची चपलांची रांग आखूड व्हायला लागली आणि डोक्यावर धावणारी पावलं वाढली. वरून हसण्याचा लोंढा आला की माझ्यासमोर बसलेलं मूल छताकडे बघायचं, आणि त्याला रागावताना माझंही लक्ष तिकडेच असायचं.

एकदा न राहवून मी वर गेले. एक मुलगी नळापाशी उभी राहून 'टीचर बीटेड मी' म्हणत होती आणि परबबाई मान डोलावत होत्या.

"अहो, बीटेड नाही. तुम्ही चुकीचं पक्कं करून घेताय," मी म्हणाले.

"तुमच्याकडे खाली येतील तेव्हा करा सरळ, मॅडम. इथे आधी तोंड तर उघडू दे." मग मुलीकडे वळून, "का गो मारलं पण तुला? काय केलंस?"

सगळी मुलं पुढचं ऐकायला सरसावली. मी तशीच खाली आले. पुढे परीक्षा जवळ आली की त्या स्वतःच मुलांना माझ्याकडे पिटाळायच्या. मुलं गोळी घ्यायला यावीत तशी यायची, तक्ता गिळायची आणि परत वर पळायची. गोड खाऊ त्यांच्याकडे आणि औषध माझ्याकडे, अशी ती वाटणी होती.

एवढं मी सोसलं असतं. पण मग तुम्ही दोघं मेलबर्नहून आलात. तुम्हाला डिसेंबरची मोठी सुट्टी होती, आणि इकडच्या शाळा चालू होत्या.

इरा, तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. मराठी तुला कळायचं, पण उत्तर इंग्रजीत द्यायचीस. मलाही इंग्रजी येतं म्हणून आपलं काही अडायचं नाही, आणि तीच तर अडचण होती. तू जाण्यापूर्वी माझ्याशी मराठीत बोलावंस, याखेरीज त्या सुट्टीत मला दुसरं काही नको होतं. मी महिनाभर आधीपासून तयारीला लागले होते. शाळेतल्या वस्तूंची रंगीत कार्डं केली. फळा, खडू, दप्तर, घंटा, बाक. वर चित्र, खाली शब्द. पहिल्या दिवशी तू पाच कार्डं पाहिलीस आणि जांभई दिलीस. दुसऱ्या दिवशी तू घरात दिसलीच नाहीस.

तू वर होतीस. परबबाईंनी तुला बघितल्याबरोबर कामाला लावलं होतं. "ही आमची डिक्शनरी. पण फुकट कोणी काय घ्यायचं नाय. इराने एक इंग्लिश शब्द दिला की तिला एक मराठी द्यायचा." ताटलीवर चमचा वाजवून शाळा सुटल्याची घंटा द्यायचं काम नीलला मिळालं, आणि ती घंटा तो मनाला येईल तेव्हा देत होता. संध्याकाळी तू खाली आलीस आणि जेवताना एकेक शब्द बाहेर काढलास. मधली सुट्टी. दांडी. चुगली. दप्तर. फळा.

'फळा' माझ्या कार्डावर होता. चित्रासकट. मी ते कार्ड उचलून दाखवलंही. तू म्हणालीस, "ओह, सेम वर्ड," आणि वरण मागितलंस, तेही इंग्रजीत.

मग रोज तेच. तू मला जिन्यात भेटायचीस, चढताना किंवा उतरताना. माझ्याशी इंग्रजी आणि वर गेलीस की मराठी. परबबाईंच्या वाटाण्याच्या उसळीला तू 'एकदम भारी' म्हणालीस आणि माझ्या साबुदाण्याच्या खिचडीला 'नाइस'. बायका नळावर मला सांगत, तुमची नात काय गोड मराठी बोलते हो. मी हसून मान हलवी. मी ते अजून ऐकलेलं नव्हतं.

एके दिवशी ऐकावं म्हणून वर गेले. हातात तुझा स्वेटर नेला, थंडी अशी नव्हतीच. परबबाईंनी सुपातून मान वर केली.

"स्वेटर द्यायला आलात की तपासणीला? आलाच आहात तर वर्गात उभं राहायला लागेल. नुसतं बघत राहायचं नाय इथे. जावा, येस्टरडेला."

मुलांनी टाळ्या पिटल्या. मी नळापाशी जाऊन उभी राहिले आणि स्वच्छ उच्चारात म्हणाले, "आय टॉट इंग्लिश इन अ स्कूल."

ओंकार म्हणाला, "मग?"

"मग काय?"

"मग काय झालं?"

"मॅडम, हे तर दारावरच्या पाटीवर पण लिहितात," परबबाई म्हणाल्या. "घडलं काय, ते सांगा."

खाली निघून जावं, असं वाटलं. पण तू समोर उभी होतीस. मग का कोण जाणे, गिरगावातल्या माझ्या शाळेचा पहिला दिवस आठवला. घरात सगळे मराठी बोलणारे, आणि वडिलांनी हौसेने इंग्रजी शाळेत घातलेलं. बाहेर जायचं असेल तर इंग्रजीत विचारायचं, असा नियम. मला ते वाक्य येत नव्हतं. मी मधल्या सुट्टीची वाट बघत बाकावर बसून राहिले, आणि मधली सुट्टी फार उशिरा झाली. हे मी आधी मराठीत सांगितलं, नियमाप्रमाणे. मग इंग्रजीत. "आय डिड नॉट आस्क. आय सॅट."

मुलं नळाला धरून हसली. नीलने घंटा वाजवली. तू हसली नाहीस. जवळ आलीस, माझा पदर धरलास आणि विचारलंस, "मग तू घरी कशी गेलीस, आजी?"

ते तू माझ्याशी बोललेलं पहिलं अख्खं मराठी वाक्य. मी म्हणाले, "दप्तराने फ्रॉक झाकत." दप्तर म्हणजे काय, हे तुला सांगावं लागलं नाही. परबबाई काहीच झालं नसल्यासारख्या तांदळातले खडे वेचत होत्या. ते वाक्य माझ्या घरात, माझ्या कार्डांसमोर का आलं नाही, याचा राग मला त्या आनंदातही आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. खाली उतरताना तू म्हणालीस, "येस्टरडे आजीकडे किती मजा येते ना?" गोष्ट माझी होती, मजा त्यांच्याकडे आली.

तुम्ही परत गेल्यावर रविवारी सकाळी तुमचा फोन यायला लागला. पडद्यावर तू दिसायचीस, कशी आहेस, जेवलीस का, एवढं झालं की म्हणायचीस, "आजी, वर ने ना." परबबाईंकडे साधा बटणांचा फोन होता. म्हणून मी गुडघ्यावर हात ठेवत एक मजला चढायचे, तुला हातात धरून. वर पोचले की त्या फोन घ्यायच्या आणि थेट नळापाशी जायच्या. "बोल गो बाय, काय झालं शाळेत?" मग तुझी नवी टीचर, तुझी मैत्रीण, कोणी कोणाशी कट्टी घेतली, सगळं तिथे. मी उंबऱ्यावर उभी राहून ऐकायचे. त्या फोन परत देताना एकदा म्हणाल्या, "हुशार आहे हो पोर. तुमच्यावर नाय गेली." आणि चहाचा कप पुढे केला. चहा चांगला असे, हेही लिहिलं पाहिजे.

डिलाईल रोडचा टॉवर पुरा झाला आणि त्यांना किल्ली मिळाली. मुलगा आधीच सामान घेऊन पुढे गेला होता. निघताना त्यांनी पाट मला दिला. "आता वर्ग तुमचा, मॅडम. फक्त चपला रांगेत लावायला सांगू नका." सगळी मुलं जिन्यापाशी जमली होती. त्या जिना उतरायला लागल्या तेव्हा ओंकार ओरडला, "टुमारो शी विल कम." खोटं तिथे चालायचं, म्हणून त्याला कोणी काही म्हणालं नाही. मी वर्ग वरच्या गॅलरीतच चालू ठेवला आहे. चपला मी रांगेतच लावायला सांगते. मुलं येतात. पाट वापरते, पण तांदूळ निवडत बसत नाही.

गेल्या आठवड्यात परबबाईंचा फोन आला, चेहऱ्यासकट. मुलाने नवा फोन घेऊन दिला आहे. कपाळाचा वरचा भाग तेवढा दिसत होता.

"मॅडम, इथे गॅलरीच नाय. नुसती दारं, तीही बंद. नळ स्वयंपाकघरात. तिथेच येस्टरडे केलाय, पण उभं करायला कोण नाय." मग एकदम, "इराचा फोन येतो तुमच्याकडे?"

"येतो की. दर रविवारी."

"काय बोलते?"

"बरंच बोलते," मी म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं. पलीकडे कुठेतरी लिफ्टचं दार उघडून बंद झालं.

"तिचा नंबर द्याल?"

"देईन. पण रविवारची सकाळ माझी."

"मग दुपार माझी."

"तेव्हा तिथे मुलांची झोपायची वेळ होते."

"मग शनिवार द्या. शनिवार तर कोणाचा नाय ना?"

मी शनिवार दिला. वाटणी पक्की झाली, त्यांनी दोनदा माझ्याकडून वदवून घेतली. फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं, की शनिवार रविवारच्या आधी येतो. आठवडाभर शाळेत घडलेलं सगळं आता आधी डिलाईल रोडला पोचणार.

दिलेला शब्द मी मागे घेणार नाही. तुमचा नंबर त्यांना दिला आहे आणि त्यांचा तुमच्या आईला पाठवला आहे. शनिवारी फोन करा, नील, तूही कर, तुझी घंटा त्यांना हवी आहे. पण इरा, एक कर. शनिवारी सगळं सांगून टाकू नकोस. एखादी गोष्ट माझ्यासाठी ठेव. लहानशी चालेल. मी नळापाशी उभी असेन.