मंदाबाईच्या घरची झालर

माझी मोठी जाऊ, जमुनाबाई. जीभ तिखट, पण हात मोकळा. बोदलकशाच्या तलावाखालच्या आमच्या गावात सगळे नव्या बियाण्यांच्या मागे धावले, तेव्हा जाऊबाईंनी एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, शेणखतावर जुनं हिरानक्की धान लावलं. मूठभर बी सालेकसाकडच्या मावशीनं दिलेलं. भात शिजला की रस्त्यानं जाणारा माणूस उगाच चपला काढून आत यायचा.

दिवाळीत त्याच धानाच्या लोंब्यांच्या झालरी विणून जाऊबाई घरोघरी वाटायच्या. दाराला बांधायच्या, चिमण्यांनी खायच्या. शेजारच्या मंदाबाईशी बांधीच्या पाण्यावरून अबोला होता, तरी तिची झालर माझ्या हाती पाठवलीच. भांडण आमचं, चिमण्यांनी कायले उपाशी राहायचं, म्हणे.

आता ऐका आमच्या भासऱ्यांचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा पराक्रम. उन्हाळ्यात देवचंदजींनी राइस मिलमध्ये धान नेलं आणि त्यात बियाण्याचं पोतंही घातलं. झाला सगळ्याचा तांदूळ! तांदूळ शिजतो हो, उगवतो थोडाच? जाऊबाई भांडल्या नाहीत, तेव्हा तर मी घाबरलेच. बियाणं साठवायच्या रिकाम्या ढोलीजवळ बसून त्या नुसत्या रडल्या. मावशीही आता राहिली नव्हती, बी मागायचं कोणाला?

पऱ्हे, म्हणजे रोपांसाठी बी टाकायची वेळ आली तेव्हा मला झालरी आठवल्या. दोघी दारोदार फिरलो. चिमण्यांनी ठेवलंय डोंबल! नुसत्या काड्या लोंबत होत्या. उरलं एकच घर. त्या दारावरून जाऊबाई दोनदा तशाच पुढे गेल्या. शेवटी मीच हाताला धरून आत नेलं.

मंदाबाईच्या दाराला झालर नव्हतीच. आत पाहते तो काय, देवाजवळच्या खुंटीला फडक्यात बांधून ठेवलेली, दाणा न दाणा शाबूत.

"चिमण्याईले काऊन नाई देल्ली?" जाऊबाईंनी विचारलं, तेही भांडणाच्याच सुरात.

"तुह्या हातची होती," मंदाबाई म्हणाली. "तू तं बोलत नव्हती. मंग तेवढी तरी ठेवली."

जाऊबाईंनी पदरानं डोळे पुसले, झालर सोडली आणि अर्धे दाणे मंदाबाईच्याच ओंजळीत ओतले. "हे तुह्या बांधीत टाक. आमच्या घरी बियाण्याचा भरोसा नाई."

आता हिरानक्की दोन बांध्यांत डोलतंय. पाण्यावरून दोघी अजूनही भांडतात, पण आता तोंडानं भांडतात.