तांबडा भुंगेरा कोणत्या झाडावर?

मी स्वभावानेच संशयी. नाशकात भाजी घेतानाही माझं लक्ष काट्यावर असतं. निवृत्तीनंतर भुंगेऱ्यांचा नाद लागला, पण स्वभाव काही गेला नाही.

सुरगाण्याकडे एका शेताच्या बांधावर, अर्धवट वाळलेल्या झाडावर मला लांब मिशांचा तांबडा भुंगेरा दिसला. असा पूर्वी पाहिला नव्हता. तो कोणता हे ठरवायला आधी झाड कळायला हवं, कारण काही भुंगेऱ्यांच्या अळ्या ठरावीक लाकडातच वाढतात. आणि झाडांच्या बाबतीत माझी बोंब! त्यात उन्हाळा, फांदीवर पान नाही. शेतातल्या बाईंना विचारलं.

"मोह हाय," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी जीपने पुन्हा गेलो. बुंध्याशी साल अजून ओली होती, तिथे चाकूने चरा पाडला. मोहाला पांढरा चीक येतो एवढं मलाही ठाऊक. चीक आला नाही. शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्याने तर आंबा म्हणून ठोकून दिलं. शहरातला म्हणून मला वेड्यात काढतायत, की इथून चोरून लाकूड जातंय? नक्की पाणी मुरत होतं. मी तडक बाईंच्या दारात गेलो.

"मावशी, तो मोह नाही. खरं काय ते सांगा."

त्यांनी आधी माझी वही पाहिली, मग मला. "साहेब, तुम्ही कोन?"

"साहेब कसला! किडे बघतो मी."

"मागं एक आला व्हता, तो पाखरं बघायचा. झाडांची नावं लिहून नेली. मंग जावंच्या बांधावरल्या झाडांवर सरकारी आकडे पडले. आता वाळलेलं बी तोडता येत नाय." त्यांनी छपराकडे बोट केलं. मधलं आढं वाकलं होतं, त्याला बांबूचा टेकू होता. "पावसाआधी हे बदलायचं हाय, नाय तं घर बसंल. येवढं एकच झाड हाय आमचं. शिसव हाय ती. शिसवीवर आकडा पडतोच, म्हनून आमी दुसरीच नावं सांगितली. लिहिलं का तुम्ही?"

मला फार लाज वाटली. मी वही उघडून रिकामं पान दाखवलं. "नाही लिहिलं. कुणाला सांगणारही नाही."

तेव्हा कुठे त्या हसल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

लिहायची गरजच नव्हती. भुंगेऱ्याचा फोटो मी पहिल्याच दिवशी कीटकप्रेमींच्या ग्रुपवर टाकला होता, बांधाच्या लोकेशनसकट. त्या सकाळीच उत्तर आलं होतं: पुढच्या रविवारी दहाबारा जण येतोय, ओळखीचे एक वनाधिकारीही सोबत आहेत.

चहा गोड होता. मी सगळा प्यायलो आणि जीपकडे निघालो.