शेंदूर लागलेलं तिकीट

पांढुर्ण्याच्या स्टेशनावर आम्हाला सोडायला अकरा माणसं आली होती. जाणाऱ्या दोघीच, मी आणि माझी नणंद कौसल्याताई. नागपूरपर्यंत रेल्वे, तिथून मुंबईला विमान आणि मुंबईहून जर्मनी. गाडी आली तशी गल्लीतल्या बायकांनी आम्हाला जनरलच्या डब्यात चढवलं, खिडकीतून पिशव्या आत दिल्या, आणि कुणाच्या तरी ट्रंकेवर बूड टेकायला मिळालं म्हणून आम्ही खूष झालो. मी सौंसरच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशात बोट ठेवून जर्मनी दाखवली ती शेकडो वेळा, पण स्वतः नागपूरच्या पलीकडे क्वचितच गेले होते.

आमची स्नेहल तिथे ग्योटिंगेन नावाच्या गावी संशोधन करते. विषय आपल्या ओळखीचा, संत्र्याच्या झाडाला लागणारा डिंक्या. तिची पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा होती, तीही सगळ्यांसमोर, दुपारी अडीच वाजता. एकदा दार लावलं की मग कुणाला आत सोडत नाहीत, हे तिने बजावून सांगितलं होतं. तिचे बाबा मे महिन्यात बागेचं पाणी सोडून येईनात. त्यांचं तिला फारसं वाईट वाटलं नाही, पण आत्याबद्दल ती हटून बसली. "आई, आत्या पहिल्या रांगेत पाहिजे," एवढंच ती दर फोनला म्हणायची. त्याचं कारण मला ठाऊक होतं. मी सकाळच्या बसने सौंसरला जायचे ती संध्याकाळी परत यायचे. मधल्या वेळात स्नेहलला जिने वाढवलं ती ताईच. ताई लग्नानंतर दोन वर्षांतच एकट्या पडून माहेरी आल्या आणि मग आमच्याच घरी राहिल्या. त्यांची स्वतःची शाळा चौथीपर्यंतच झालेली.

व्हिसा उशिरा हातात पडला, त्यामुळे विमान परीक्षेच्या दिवशीच पहाटे उतरणारं मिळालं. तिथून ग्योटिंगेनची रेल्वे. स्नेहलने फोनवर मला तिकिटांचे प्रकार समजावले आणि मी ते वहीत उतरवून घेतले. एक मोकळं तिकीट असतं, त्यावर त्या दिवशी त्या वाटेच्या कुठल्याही गाडीत बसा. एक सवलतीचं, ते बरंच स्वस्त. आणि एक प्रांताचं, दिवसभराचं, पाच जणांपर्यंत चालणारं, पण फक्त हळू गाड्यांसाठी आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच. स्नेहल म्हणाली, मोकळं घे. मी म्हटलं, विमान वेळेवर येणार, उगीच पैसे कशाला घालवायचे? सवलतीचं घेतलं. आता खरं सांगते, त्या सवलतीपुढे ती आणखी काहीतरी सांगत होती आणि मी "हो, हो, कळलं" म्हणून तिला पुढे जाऊ दिलं नव्हतं. शिक्षकाला शिकवलेलं आवडत नाही.

तिकिटाचा कागद आला तर त्यावर गाडीचं नाव, वेळ, एक काळा चौकोनी ठिपक्यांचा शिक्का, पण बैठकीचा नंबर नाही. मी लगेच निदान केलं, हे जनरलचं तिकीट. कागद छापून आणला तेव्हा ताई म्हणाल्या, "वहिनी, जामसांवलीले मारुतीच्या पायाशी ठेवून आणतो. एवढ्या दूर जाऊन राहिलो आपण." मी कागद देऊन टाकला. सौंसरच्या बसमधून रोज त्या देवळाला हात जोडत गेले आहे मी, त्यात गैर काय वाटणार? ताईंनी परत आणला तो लाल फडक्यात बांधून, आणि ते फडकं त्यांच्या कमरेच्या पिशवीत गेलं.

विमान साडेतीन तास उशिरा उतरलं. मुंबईच्या विमानतळावर बसून बसून, स्नेहलला निरोप पाठवून पाठवून माझ्या फोनचा जीव मेटाकुटीला आला होता. फ्रँकफुर्टच्या विमानतळाच्या पोटातूनच शहरातल्या मोठ्या स्टेशनाला जाणारी छोटी गाडी मिळते. दारावर कुणी तिकीट बघत नाही, फाटक नाही, काही नाही. ताई दोनदा मागे वळून बघत म्हणाल्या, "कोनीच विचारून नाही राहिलं वो. चुकीच्या जागी तं नाही ना आलो?"

मोठं स्टेशन म्हणजे लोखंड आणि काचेचं उंच छत, त्याखाली ओळीने उभ्या गाड्या आणि जागोजागी पिवळे तक्ते. 'ग्लाइस' (प्लॅटफॉर्म) कुठला ते त्यावर मिळतं. ग्योटिंगेनला जाणारी पुढची गाडी बारा नंबरवर होती. बारावर जाऊन उभं राहिलो तर भोंग्यावर काहीतरी सांगितलं आणि सगळी माणसं नऊकडे धावू लागली. भाषा येत नसली तरी गर्दी धावली की आपण धावायचं, एवढं कुठल्याही प्रवाशाला कळतं. ताईंनी लुगड्याचा काठ वर धरला आणि माझ्या पुढे गेल्या.

गाडीत चढलो. आत निम्म्या बैठका मोकळ्या, गाद्या जाड, खिडक्या मोठ्या. ताई बसायला गेल्या तर मी त्यांचा हात धरला. "आपलं नंबरचं तिकीट नाही ताई. टीसी उठवील, शोभा होईल." मग आम्ही दोघी डब्याच्या दाराशी, संडासाच्या भिंतीला टेकून, पायात बॅगा घेऊन उभ्या राहिलो. येणारे-जाणारे आमच्याकडे बघत. एका म्हाताऱ्या गृहस्थाने हाताने आतल्या मोकळ्या जागा दाखवल्या, मी हसून मान हलवली. फोनने तिथेच डोळे मिटले.

बाहेर पिवळ्याधमक फुलांची शेतं पळत होती, आपल्या मोहरीच्या जातीची. मध्येच झाडीच्या टेकड्या, मध्येच लाल कौलांची गावं. ताई दाराच्या काचेला नाक लावून बघत होत्या. "केवढाले वावर," त्या म्हणाल्या, "पण मानूस दिसून नाही राहिला एक. हे पिकवते तरी कोन?" मग पिशवीतून तिखट पुरी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. उभ्या उभ्या पुरी खाताना मला मनापासून बरं वाटलं. अडीचच्या आत पोचणार होतो.

तेवढ्यात तपासनीस बाई आल्या. पांढरे केस, गळ्याशी लाल रुमाल, हातात फोनसारखं यंत्र. "फाहरकार्टे (तिकीट)?" ताईंनी कमरेची पिशवी उघडली, फडक्याची गाठ सोडली आणि घडी उलगडून कागद मोठ्या भक्तिभावाने पुढे केला. काळ्या ठिपक्यांच्या चौकोनावर मधोमध बोटभर शेंदूर होता. खालच्या ओळींवरही तेल उतरलं होतं.

बाईंनी यंत्र टेकवलं. पुन्हा टेकवलं. मी रुमालाने पुसायला गेले, पण शेंदूर तेलात कालवलेला, पुसावा तितका पसरतो. गाडीचं नाव, वेळ, खालचा लांब नंबर, सगळं केशरी झालं. बाई इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, फोनवर तिकीट आहे का? मी मेलेला फोन दाखवला. त्या म्हणाल्या, नवीन तिकीट गाडीत विकत नाहीत, तेही फोनवरच काढायचं असतं. फुल्डा स्टेशन येईपर्यंत काही दाखवता आलं नाही तर तिथे उतरून तिकीट काढा आणि मागच्या गाडीने या. ती कधी पोचते म्हणून मी विचारलं. पावणेतीन.

मग माझा तोल गेला. गाडीत, परक्या लोकांसमोर, मी ताईंना म्हटलं, "तुमच्या अडाणीपणापायी पोरीचा दिवस हातचा चालला."

 ताईंनी लाल फडकं घडी घालून मुठीत धरलं. मला अजून ती मूठ दिसते.

तपासनीस बाईंना शब्द कळले नसतील, पण सूर कळला असावा. त्यांनी विचारलं, तुम्ही उभ्या का आहात? मी म्हटलं, आमच्या तिकिटावर नंबर नाही. त्या आम्हाला आत घेऊन गेल्या. बैठकीच्या वर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर गावांची नावं उमटली असतील तर जागा कुणाची तरी राखीव. पट्टी कोरी असेल तर बसा, नंबर असो नसो. आणि बैठकीखाली चार्जरची खाच होती, आपली पिन त्यात बसली. त्या म्हणाल्या, फुल्डाच्या आधी मी येते.

फोन जिवंत व्हायला दहा मिनिटं लागली. ताई खिडकीबाहेर बघत होत्या, मी फोनकडे. बाई आल्या तेव्हा तिकीट उघडून ठेवलं होतं. यंत्र या वेळी वाजलं. पण त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात सांगितलं की हे तिकीट या गाडीचं नाही, सकाळच्या गाडीचं आहे. सवलतीचं तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं.

स्नेहल तेच सांगत होती. आपल्याकडे जनरलच्या तिकिटावर मिळेल त्या गाडीत चढायचं, बसायला मिळालं तर नशीब. तिथे उलटं निघालं. बसा कुठेही, पण गाडी मात्र तीच. मी दोन्हीकडून चुकले होते आणि शेंदराचा त्यात काही संबंध नव्हता. कागद स्वच्छ असता तरी आम्ही याच खड्ड्यात पडलो असतो.

बाई यंत्रात काहीतरी शोधत राहिल्या. गाडीचा वेग कमी होऊ लागला, मी बॅगेचा पट्टा हातात घेतला. मग त्यांनी मान वर केली. सकाळची ती गाडीच आज रद्द झाली होती. आपली गाडी रद्द झाली की तिकिटाची गाठ सुटते आणि पुढच्या कुठल्याही गाडीने जाता येतं. बसून राहा, त्या म्हणाल्या. मी त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांनी पुरी मात्र नको म्हटली, ड्यूटीवर होत्या.

"काय म्हनून राहिली ते?" ताईंनी विचारलं.

ताईंना इंग्रजी येत नाही. माझ्याकडे एका वाक्यात खरं सांगायची संधी होती. मी म्हटलं, "चाललं तिकीट. बसा." पुढे सगळे बोगदेच बोगदे होते आणि काचेत मला माझंच तोंड दिसत होतं. मला स्वतःची लाज वाटली, तरी मी बोलले नाही.

सव्वादोनला आम्ही स्नेहलच्या परीक्षेच्या हॉलच्या दारात होतो. हॉल लहान होता, साठेक खुर्च्या. पहिल्या रांगेत दोन खुर्च्यांवर तिने ओढण्या टाकून ठेवल्या होत्या. पडद्यावर पहिलंच चित्र आमच्या बागेतल्या झाडाचं, खोडावर डिंक ओघळलेला. ती जर्मनमध्ये काय बोलली ते मला समजलं नाही. पण प्रश्न विचारणाऱ्यांपुढे ती ज्या थंडपणे उभी राहिली तो थंडपणा माझा नाही, ताईंचा आहे, हे मी समोर बसून पाहिलं. ती पास झाल्यावर तिच्या मित्रमैत्रिणींनी पुठ्ठ्याची टोपी करून तिच्या डोक्यावर घातली. तिथली तशी रीतच आहे, टोपीवर तिच्या पाच वर्षांतल्या वस्तू चिकटवलेल्या असतात. स्नेहलने शेंदराचा तो कागद मागून घेतला आणि टोपीला लावला. ताई सगळ्यांना हसत हसत सांगत होत्या, "माह्या शेंदरानं घोटाळा झाला वो. वहिनी होती म्हून निभावलं," आणि स्नेहल त्याचं जर्मन करत होती. ताईंनी सगळी हकिकत सांगितली, उभं राहणं, पुरी, पसरलेला शेंदूर. फक्त माझं ते एक वाक्य त्यांनी गाळलं.

तीन आठवडे राहिलो, नदीकाठची गावं पाहिली, प्रांताच्या तिकिटावर हळू गाड्यांनी भरपूर हिंडलो. तिकिटांचं मला आता बऱ्यापैकी कळतं. विमानाच्या पाठोपाठ रेल्वे पकडायची असेल तर मोकळंच तिकीट घ्या, एवढं कुणालाही सांगेन. पण ताईंना जे सांगायचं होतं ते रोज राहून जात होतं.

ते सांगितलं परतीला, नागपूरहून पांढुर्ण्याला येताना, त्याच जनरलच्या डब्यात. या वेळी दोघींना बाक मिळाला होता. काटोल गेलं आणि मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी चूक शेंदराची नव्हती. माझी होती. तिकीट दुसऱ्या गाडीचं होतं. मी तुम्हाला नको ते बोलले आणि वरून लपवलं. माफ करा."

ताई पिशवीतली सुपारी शोधत होत्या. "मले त्याच दिवशी समजलं होतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"ते बाई बोलली अन् तुमचे कान लाल झाले. शेंदूर तं माहा होता, मंग कान तुमचे काहून लाल होतीन?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी बोलान म्हून वाट पाहून राहिली होती," असं म्हणून त्यांनी सुपारीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. पांढुर्णा येईपर्यंत मी पदराने डोळे पुसत होते आणि समोरची बाई मला पाणी विचारत होती.

यंदा नोव्हेंबरात संत्र्याच्या तोड्याला स्नेहल घरी येते आहे. तिचं तिकीट फोनवर आलं, मी बाजारात जाऊन ते छापून आणलं आणि ताईंच्या हातात दिलं. म्हटलं, "चला, जामसांवलीला ठेवून येऊ."

ताईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "या टाइमले मांगच्या बाजूनं लावाले सांगतो पुजाऱ्याले."

"समोरूनच लावू द्या, ताई," मी म्हटलं. "तिकीट स्नेहलच्या फोनवर आहे, ही प्रत शेंदरासाठीच काढली आहे."