उसवलेली बाही

करोनाच्या लशीचे दिवस आठवले की मला खुंटीवरचा एक ब्लाउज दिसतो. पिस्त्याच्या रंगाचा, डाव्या बाहीची शिवण उसवलेला, मांजर्लीच्या आमच्या घरात नदीवरून येणाऱ्या वाऱ्यावर संथ हलणारा. आईचा होता. शिवायचा राहिला असेल, असं मला वाटे.

लस घेतली की ताप येतो हे कळल्यावर आमच्याकडे तापाच्या पाळ्या लागल्या. सगळेच आडवे पडले तर स्वयंपाक कोण करणार? पहिली पाळी बाबांची, ते अंबरनाथला कारखान्यात जात म्हणून. मग दादाची. मग वांगणीचे काका लस घेऊन ताप काढायला आमच्याकडेच उतरले. आई काय, घरातच असते, तिला कसली घाई? हे कुणी ठरवलं ते विचारू नका, असल्या गोष्टी आमच्याकडे आपोआप ठरतात. बाबा तर इतके कण्हले की जणू बाळंतपणच होतं. आई तिघांच्याही कपाळावर घड्या ठेवत राहिली, पेज भरवत राहिली.

शेवटी एका दुपारी मी तिला विचारलं, हा ब्लाउज कधी शिवणार?

"राहू दे तसाच," ती म्हणाली. "सुई दंडावर देतात ना, घट्ट बाही वर सरकत नाही."

ब्लाउज खुंटीवर होता तो बाबांची पाळी आली त्या दिवसापासून, म्हणजे तिने बाही तेव्हाच उसवून ठेवली होती. मला एकदम रडू आलं, आणि घरातल्या सगळ्यांचा संताप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न विचारता मी तिला केंद्रावर घेऊन गेले.

दुपारी तिला ताप चढला. खिडकीतून पिवळट ऊन तिच्या पायांवर येऊन पडलं होतं. दिवसाउजेडी आडवी पडलेली आई मी कधी पाहिलीच नव्हती. ती तिच्या गावच्या ओढ्याबद्दल, पाण्यात पाय सोडून बसण्याबद्दल काहीबाही पुटपुटत होती. आत बाबांनी खिचडी करपवली होती, तो वास घरभर पसरला. आता ही उठणार, असं मला वाटलं. पण तिने कूस बदलली.

"बरं वाटतंय गं," ती म्हणाली. "कुणी उठवत नाहीये."

मी तिच्या कपाळावरची घडी बदलली. डोळे मिटलेले ठेवूनच तिने हळूच विचारलं, "दुसरी सुई कधी असते?"