निघताना वजन, पोचताना वजन

अलका मोहरील कुणाच्या हातातून माउस काढून घेत नाही. तिच्याबद्दल सांगायचं झालं की मी नेहमी इथूनच सुरुवात करतो, कारण छत्तीस वर्षं शाळेत शिकवूनही मला हे कधी जमलं नाही. मुलाचं गणित अडलं की माझा हात आपोआप खडूकडे जायचा. अलका मात्र खुर्ची ओढून शेजारी बसते, दोन्ही हात मांडीवर ठेवते आणि विचारते, "नीट शेवटचं कधी चाललं होतं?"

हिंदी मुलखातल्या आमच्या या कारखान्याच्या शहरात ती इंद्रपुरीला, आमच्या मागच्या गल्लीत राहते. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात तिची अडतीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यापासून आसपासच्या मराठी घरांतले प्रिंटर, राउटर आणि रुसलेले मोबाइल तिच्याकडे येतात. म्हणजे तीच त्यांच्याकडे जाते. बिनसाखरेचा चहा घेते, घरातल्या सगळ्यांची चौकशी करते, आणि काम झालं की ते कुणी केलं हे घरातल्या माणसालाच सांगायला लावते. "मी केलं," असं समोरच्याने म्हटल्याशिवाय ती उठत नाही.

ही तिची पद्धत वडिलांकडून आली. गजाननराव मोहरील मूळचे वर्ध्याचे. कारखान्याच्या फाटकापाशी भरलेला ट्रक मालासकट तोलणारा मोठा काटा असे, त्याला इथे धर्मकाटा म्हणतात. त्या काट्यावर ते कामाला होते. माल कमी आला, फुटला, बदलला अशी कुणी तक्रार आणली की ते आधी एकच विचारत: निघताना किती भरला होता आणि पोचताना किती भरला? बाकीचं भांडण त्यानंतर. अलका लहानपणी शाळेतून परस्पर काट्याच्या खोलीत जाऊन बसायची आणि हेच ऐकायची.

दोन वर्षांपूर्वी आमच्या इथल्या मराठी मंडळाला पन्नास वर्षं पूर्ण झाली. स्मरणिका काढायचं ठरलं आणि ते काम अबोलीने अंगावर घेतलं. अबोली अयोध्या नगरात राहते, एका आर्किटेक्टकडे नोकरी करते, वय सत्तावीस. तिचं म्हणणं, नुसते लेख कोण वाचतं, पन्नास वर्षांतले घराघरांतले फोटो छापू. मग ती रविवारी रविवारी स्कूटरवर स्कॅनर घेऊन बहात्तर घरं फिरली. बऱ्याच घरांत त्या फोटोची एकुलती एक प्रत होती आणि ती दाराबाहेर जायला कुणी तयार नव्हतं. अबोलीने जेवणाच्या टेबलांवर स्कॅनर मांडून एकशेबारा फोटो उतरवून घेतले आणि प्रत्येक घरी शब्द दिला, की हा फोटो छापलेला तुमच्या हातात देईन. अलकानेही एक दिला. एकाहत्तर सालचा. सुट्टीच्या दिवशी गजाननरावांनी सगळं कुटुंब धर्मकाट्याच्या लोखंडी पत्र्यावर उभं केलं होतं.

छपाई नागपूरला होती. छापखान्याच्या मालकांचा नियम असा, की मजकूर आणि फोटो त्यांच्या सर्व्हरवर एफटीपीनेच, म्हणजे एका कॉम्प्युटरवरून थेट दुसऱ्यावर फायली टाकण्याच्या जुन्या पद्धतीनेच, पाठवायचे. मेलवर आलेल्या तीन-तीन आवृत्त्यांनी ते एकदा पोळले होते. गुरुवारी दुपारी बारापर्यंत सगळं पोचलं नाही तर स्मरणिका बिनफोटोची छापायची, कारण नंतर यंत्र दुसऱ्या कामाला लागणार होतं. पुढच्याच रविवारी समारंभ.

एफटीपीचं नाव निघताच आमचे कार्यवाह प्रभाकरराव कोलते खुलले. कारखान्यात लेथ आणि मिलिंगच्या यंत्रांना लागणारे आकड्यांचे प्रोग्रॅम त्यांनी वीस वर्षं याच पद्धतीने पाठवले होते. ते सकाळी सकाळी मंडळात आले, कॉम्प्युटरवर सगळं स्वतः बसवलं आणि पडद्याच्या कडेला चिठ्ठी डकवली:

मोड: ॲक्टिव्ह.
टाइप: आस्की.
हात लावू नये. – प्र. को.

प्रभाकररावांच्या चिठ्ठ्यांबद्दल सांगायला हवं. मंडळाच्या माठावर एक आहे, पेटीच्या खोळीवर एक आहे, पंख्याच्या बटणावर तर दोन आहेत. माणूस निर्मळ, मंडळासाठी झिजलेला. म्हणून त्यांच्या चिठ्ठीबाहेर कुणी जात नाही. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात पंखा तीनवरच फिरत राहिला आणि आम्ही सगळे पुठ्ठ्यांनी वारा घेत बसलो.

मंगळवारी संध्याकाळी मी मंडळाच्या खोलीत मुद्रितं तपासत होतो. अबोलीने फायली पाठवायला घेतल्या. नाव आणि पासवर्ड नागपूरने मान्य केला, पुढे मात्र फोल्डरची यादी येईना. मिनिटभराने संपर्क तुटे. असं सात वेळा झाल्यावर तिने अलकाला बोलावलं.

"काकू, आत घेतात आणि मग काहीच नाही. बस घूम रहा है."

अलकाने खुर्ची ओढली, हात मांडीवर ठेवले. मंडळात काय बदललं, असं विचारल्यावर कळलं की इंटरनेटचा डबा गेल्याच महिन्यात नवा बसवलाय. तिने पुन्हा एकदा प्रयत्न करायला लावला, पडद्यावरच्या ओळी वाचल्या आणि चिठ्ठीकडे पाहिलं.

मग तिने अबोलीला समजावलं ते मलाही समजलं. आपण नागपूरला हाक मारली, त्यांनी ओळख पटवून घेतली. पण सामानाची देवघेव करायला दुसरी वाट लागते. ॲक्टिव्ह म्हणजे त्या वाटेने त्यांचा माणूस आपल्याकडे येणार. आपल्या दारात हा नवा डबा पहारेकऱ्यासारखा बसलाय, तो म्हणतो मी याला ओळखत नाही, आणि परत पाठवतो. कारखान्यात सगळी यंत्रं एकाच भिंतीच्या आत होती, तिथे अडवायला कुणी नव्हतं.

"मग काय करायचं?"

"दुसऱ्यांदाही आपणच जायचं. त्याला पॅसिव्ह म्हणतात. कुठे बदलायचं ते शोध."

अबोलीने जागा शोधली, पण तिचं बोट चिठ्ठीपाशी थांबलं. अलका म्हणाली, पहिली ओळ मी मोडली असं सांग. अबोलीने पॅसिव्ह केलं आणि नागपूरची यादी झटक्यात उघडली. रात्री आठपर्यंत सगळे लेख आणि एकशेबारा फोटो रवाना झाले. "मी केलं," अबोली म्हणाली, आणि अलका उठली.

बुधवारी संध्याकाळी छापखान्यातून आशिष नावाच्या मुलाचा फोन आला. लेख सगळे उत्तम, एक काना इकडचा तिकडे नाही. फोटो मात्र एकही धड नाही. कुणाचं तोंड दोनदा, कुणाचा रंग हिरवा, बहुतेकांचा खालचा अर्धा भाग करडा.

अबोलीने ते सारे फोटो आमच्या कॉम्प्युटरवर पुन्हा उघडून पाहिले. इथे ते स्वच्छ होते. तिने तेच पुन्हा पाठवले, आशिषने पाहिले, पुन्हा तसेच. ती घरी गेली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बहात्तर घरांना काय तोंड दाखवू, एवढंच म्हणाली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला आम्ही तिघं खोलीत होतो. बारा वाजायला अडीच तास. अलकाने तिला काहीही पाठवू दिलं नाही.

"आधी वजन कर," ती म्हणाली. "इथे किती, तिथे किती. शेवटच्या आकड्यापर्यंत."

अबोलीने एका फोटोची साइज दोन्हीकडची काढली. वीस लाखांहून जास्त बाइटांच्या फोटोत नागपूरला फक्त एकतीस बाइट कमी भरले होते. दुसऱ्यात सत्तावीस. तिसऱ्यात चौतीस. इतकी बारीक चोरी कोण करेल, असं मला वाटलं.

"आता जे नीट पोचलंय त्याचं कर."

"नीट पोचलंय त्याचं कशाला, काकू?"

"बाबा फुटलेल्या मालाबरोबर चांगला मालही तोलायचे."

अबोलीने मंडळातल्या वंदनाताईंच्या कवितेची फाइल घेतली, कारण ती सगळ्यात लहान होती. कविता जशीच्या तशी पोचली होती, तरी तीही चोवीस बाइटांनी हलकी झाली होती. अलकाने सगळी वजनं एका कागदावर उतरवली. मग तिने माझ्याकडून कवितेचं मुद्रित मागून घेतलं, ओळींवरून नजर फिरवली, आणि चिठ्ठीची दुसरी ओळ पाहून कपाळाला हात लावला. तिने प्रभाकररावांना फोन करून येता का म्हणून विचारलं. ते दोन गल्ल्यांपलीकडे राहतात, दहा मिनिटांत आले.

अबोलीला घाई झाली होती. अलकाने काय ते सांगून टाकून मोकळं व्हावं असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अलकाने मात्र प्रभाकररावांना खुर्ची दिली, वजनांचा कागद आणि कविता पुढे ठेवली आणि कवितेच्या ओळी मोजायला सांगितल्या. त्यांनी चष्मा लावून, बोट ठेवून मोजल्या.

"चोवीस."

"आणि वजन किती कमी भरलंय?"

"चोवीस." प्रभाकररावांनी बोट पुन्हा ओळींवर ठेवलं. "म्हणजे ओळीमागे एक."

त्यानंतर अलकाला काही सांगावंच लागलं नाही. प्रभाकररावच अबोलीकडे वळून शिकवू लागले. आपला कॉम्प्युटर प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवतो, त्यांचा एकच ठेवतो. आस्की म्हणजे मजकुराची पद्धत. ती वाटेत आपली एक खूण काढून टाकते, म्हणून मजकूर तिकडे नीट दिसतो. पण फोटो दिला तर त्यालाही ती मजकूरच समजते आणि तशीच जोडी कुठे योगायोगाने सापडली की त्यातलीही एक उचलते.

"पण काका, फोटोत कुठे ओळी असतात?"

"नसतात. तेच तर." त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग अलकाकडे. "चिठ्ठी माझीच आहे."

"चिठ्ठी बरोबरच आहे," अलका म्हणाली. "तुमच्या लेथला आपण कधी फोटो पाठवला नाही. चुकले मी. मंगळवारी दुसरी ओळ खटकली होती, तरी गप्प बसले आणि नंतर विसरलेच. एका दिवसात तुमच्या दोन ओळी मोडणं बरं दिसलं नसतं."

प्रभाकरराव तिच्याकडे पाहतच राहिले. "माझी एवढी भीती वाटते लोकांना?"

अबोली माठाकडे पाहत होती. तिची नजर कुठे लागली आहे ते प्रभाकररावांनी पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं, आणि ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. हसत हसतच त्यांनी माउस घेतला, आस्की काढून बायनरी, म्हणजे एकही खूण न बदलता पाठवायची पद्धत, लावली आणि खुर्ची अबोलीला दिली. जाता जाता पंखा पाचवर केला.

दहा वाजून वीस मिनिटांनी फोटो निघाले. अकरा पस्तीसला शेवटचा पोचला. मग तोलायचं काम. अबोली इथलं वजन वाचायची, प्रभाकरराव नागपूरचं वाचायचे, आणि अलका डोळे मिटून ऐकायची. पहिल्या दहा फोटोंत फरक शून्य. विसाव्यापर्यंत शून्य. तिसाव्याच्या पुढे अबोलीचा आवाज मोठा होत गेला आणि शेवटी शेवटी दोघंही पाढे म्हटल्यासारखी एका सुरात वाचत होती. एकशेबारावा संपला तेव्हा बाराला आठ मिनिटं होती.

"मी केलं," अबोली म्हणाली.

"आम्ही," प्रभाकररावांनी दुरुस्ती केली. त्यांनी जुनी चिठ्ठी स्वतः सोलून काढली आणि नवी लिहिली: "पॅसिव्ह. बायनरी. पोचल्यावर वजन करावे. अडल्यास हात लावून पाहावे. – प्र. को."

तेवढ्यात आशिषचा फोन आला. अबोलीने स्पीकर लावला. सगळे फोटो अख्खे उघडले, तो म्हणाला. फक्त एकाच्या खाली काय लिहायचं ते कळत नव्हतं. पाच माणसं रस्त्याच्या मधोमध लोखंडी पत्र्यावर उभी आहेत, एक छोटी मुलगी पायांच्या टाचा उचलून उभी आहे, आणि सगळे हसताहेत. काल यांची नुसती डोकी दिसत होती, त्यामुळे हसतात कशाला ते समजलं नव्हतं. आजही समजलं नाही.

अलका पहिल्यांदाच खुर्चीतून पुढे झुकली.

"टाचा उचलल्या की वजन कमी भरतं असं मला वाटायचं," ती म्हणाली. "लिहा: मोहरील कुटुंब, एकूण वजन दोनशे किलो."

संध्याकाळी नागपूरहून शेवटची मुद्रितं आली. छापील वाक्यात क्रियापद नसलं की मी सहसा सोडत नाही. त्या ओळीला मात्र हात लावला नाही.