खासी सुनेच्या माहेरचं माणूस

मंडळी, आज शेलूबाजारात मी चांगलाच तोंडावर आपटलो, पण अजून हसतोय.

शेजारच्या पार्वताकाकूच्या पोरानं लढाईवरून येताना शिलाँगकडची खासी बायको आणली. "कोठची कोन," म्हणून काकू रुसलेली. समेट करायला मी दुकानदार पुढे सरसावलो आणि सूनबाईला रोजचे शब्द विचारले. तिच्या खासीतही दुकानाला दुकान, कामाला काम! मी ओरडलो, "काकू, हे तं आपल्याच बोलीची हाये!"

सूनबाई मोडक्या हिंदीत म्हणाली, "ये शब्द तो बेपारी लाया. बदन का नाम पूछो." तिनं हात दाखवला, "क्ती." मग डोळा, "ख्मत."

अंगणात खाली बसून मेळघाटची कोरकू आदिवासी फुलाय भाकर खात होती. काकूकडे कापूस वेचायला आली होती. ती चमकलीच. "आमी हाताले ती म्हनतो. डोयाले मेद!"

इतक्या दूरच्या दोन बोली, पण एकाच आजीच्या नाती! दोघी हात धरून हसत सुटल्या.

काकू ताडकन उठली. मी घाबरलो.

"फुलाय, वर ओट्यावर बस. सुनेच्या माहेरचं मानूस खाली बसलं तं लोक मले काय म्हनतीन?"

मंडळी, तुमच्या ओट्याखाली कोण बसलंय, विचारलंत कधी?